बाबाईच्या खड्ड्याचं खाणं

दात काढायला शिकणाऱ्या पोरांना हात धुवायला शिकवण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. सुवा शहरातल्या आमच्या दंत महाविद्यालयात उपकरणं निर्जंतुक करायची खोली माझ्या ताब्यात आहे. पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते फारसं चुकीचं नाही. हातमोजे घालून कुणी मोबाईल उचलला की तो मोबाईल संध्याकाळपर्यंत माझ्या खिशात. रुग्णाच्या तोंडातून निघालेला हात दाराच्या मुठीला लागला, तर मुठीबरोबर त्या शहाण्यालाही मी पुसून काढते.

तेरेतिया मात्र चार वर्षांत एकदाही माझ्या तावडीत सापडली नव्हती. किरिबासच्या एका लांबच्या बेटावरून आलेली, बुटकी, कमी बोलणारी पोरगी. हात धुवायची ते बोटांच्या बेचक्यांसकट, थेट कोपरापर्यंत. माझं माहेर राम्बी बेटावरचं, तिची नि माझी भाषा एकच. त्यामुळे बाकीच्यांची मी सिस्टर असले तरी ती मला ‘नेई मकरिता’ म्हणायची. आमच्यात बाईमाणसाच्या नावाआधी मानाने ‘नेई’ लावतात. पोरगी माझी लाडकी होती, उगाच लपवण्यात अर्थ नाही.

आणि तिनेच त्या आठवड्यात माझं डोकं फिरवलं.

झालं असं की, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेच्या यंत्रातून, काढलेल्या चांगल्या चिमट्यांवर तपकिरी डाग दिसायला लागले. गंज हा रोगासारखाच असतो. एक गंजका चिमटा दहा चांगल्यांबरोबर वाफेत ठेवला की दहाही डागाळतात, आणि डागाळलेला चिमटा कुणाच्या तोंडात घालता येत नाही. आधी मी यंत्राला शिव्या दिल्या, मग पाण्याला, मग यंत्र दुरुस्त करणाऱ्याला. शेवटी वही काढली. वाफेच्या कोणत्या फेरीत कुणी काय ठेवलं, ते आमच्याकडे सहीनिशी लिहिलेलं असतं. डाग पडलेल्या तिन्ही फेऱ्यांत एकच सही होती, तेरेतियाची.

आमचे प्रमुख डॉक्टर मुनसामी यांच्यासमोर तिचं कपाट उघडलं. आत अकरा पाकिटं होती. आम्ही मोडीत काढलेले, जाळायला पाठवायच्या पिंपात टाकलेले जुने पकडीचे चिमटे, गंजलेल्या पट्ट्या, बोथट टोकं. सगळं पाकिटात नीट बंद केलेलं, वर तारीख, फेरीचा नंबर आणि चिकटपट्टीवरच्या रेघा पूर्ण काळ्या झालेल्या, म्हणजे वाफ पुरेशी लागलेली. चोरीचा माल इतका नीटनेटका मी जन्मात पाहिला नव्हता.

“हे कुणासाठी?” डॉक्टरांनी विचारलं.

तिने पाकिटं एका ओळीत सरळ लावली.

“तुझ्या बेटावर कुणी परवान्याशिवाय दात उपटत बसलंय का? त्याला पाठवतेस?”

“नाही, डॉक्टर.”

“मग कशाला हवंय तुला हे भंगार?”

“घरचं आहे,” ती म्हणाली. त्यापुढे एक अक्षर नाही.

शुक्रवारी समिती बसायची ठरली. तोवर तिने कारण सांगितलं नाही, तर एक वर्ष रुग्णांना हात लावायला बंदी. तिची शिष्यवृत्ती काही वर्षभर थांबणार नव्हती. म्हणजे ती घरी परत जाणार, अर्धवट शिकून, जिथे दात दुखला तर माणसं महिना-महिना बोटीची वाट बघतात तिथे.

मी तिला माझ्या खोलीत ओढून नेलं आणि दार लावलं.

“जीभ गिळलीस का गं? चार वर्षं मरमर मेलीस, आणि आता दोन शब्दांसाठी सगळ्यावर पाणी सोडतेस?”

“मला नका विचारू, नेई मकरिता.”

“मी नाही विचारायचं तर कुणी विचारायचं? माझे बावीस चिमटे खराब केलेस, भवाने.”

“ते मी घासून देते. सगळे. पण विचारू नका.”

तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. अशी ताठ मान मी आमच्या म्हाताऱ्या माणसांची पाहिलेली आहे, आणि तीसुद्धा एकाच विषयावर. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

“घरी बाबाईचा खड्डा आहे ना?”

ती खाली बघायला लागली. मला काय ते कळलं.

बाबाई म्हणजे आपल्या अळूचा थोरला भाऊ. त्याचा कंद लग्नाकार्यात पानात वाढला नाही तर घराची अब्रू जाते. किरिबासची बेटं म्हणजे नुसता पांढरा प्रवाळ. माणूस उभा मावेल एवढा खड्डा गोड्या पाण्यापर्यंत खणायचा आणि त्यात पालापाचोळा कुजवून माती आपण तयार करायची. त्या मातीत लोखंड नसतं. मग पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, रक्त कमी झालेल्या बाळंतिणीसारखं झाड फिकं होतं. म्हणून लोक गंजके डबे पुरतात. एवढं तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण कुणी किती पुरायचं, कशाच्या पानांबरोबर, कधी, हे ज्याच्या त्याच्या घरचं गुपित. स्वतःच्या खड्ड्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, नाहीतर खड्डा रुसतो. त्यातून तिच्याच गावच्या दोन पोरी आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला होत्या. समितीत बोललेलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्या कानी गेलं असतं.

शुक्रवारी मी न बोलावता समितीत जाऊन बसले.

“सिस्टर, तुमचं इथे काय काम?” डॉक्टर म्हणाले.

“चिमटे माझे बिघडलेत,” मी म्हटलं, “तेव्हा बोलणारही मीच. ती सांगणार नाही. सांगितलं तर तिच्या आजोबांना तोंड दाखवता येणार नाही तिला. पण मी तिच्या घरची नाही, मला बंधन नाही. हे लोखंड मातीत जाणार आहे, पिकाला.”

मग मी प्रवाळाचं, पिवळ्या पानांचं, डब्यांचं, जगजाहीर होतं तेवढं सगळं सांगितलं. डॉक्टर मुनसामी लाबासाकडच्या ऊस पिकवणाऱ्याचे चिरंजीव. पिवळं पान म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले.

“खरं आहे हे?” त्यांनी तेरेतियाला विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला तिला धरून हलवावंसं वाटलं.

“तिला ते विचारू नका, डॉक्टर,” मी म्हटलं. “हे कुणाच्या तोंडात जाणार का, तेवढंच विचारा. तुमचं काम तेवढंच आहे.”

“जाणार आहे का?”

“कुणाच्याही तोंडात नाही,” ती स्पष्ट म्हणाली.

डॉक्टरांनी एक पाकीट उचलून उलटसुलट केलं. “एक गोष्ट मला कळत नाही. मातीतच पुरायचं, तर निर्जंतुक कशाला केलंस? चिखलाला कसला आलाय संसर्ग?”

तिने डॉक्टरांच्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं.

“आजोबांचे हात लागतात,” ती म्हणाली. “ते कंबरभर पाण्यात उभे राहून हाताने घालतात. त्यांच्या बोटांना चिरा असतात, डॉक्टर. आणि हे लोकांच्या तोंडातलं होतं.”

माझ्या नाकात पाणी आलं आणि मी ते पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं. कुणी विद्यार्थ्याने हे केलेलं मला दिसलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

शिक्षा झाली, पण महिनाभराचीच: रोज संध्याकाळी माझ्या खोलीत, माझ्या देखरेखीखाली, डागाळलेले चिमटे घासायचे. रुग्णांना हात लावायची मोकळीक राहिली. अकरा पाकिटं मात्र जाळायला गेली. कपाटातून महाविद्यालयाचं काहीही बाहेर जाणार नाही, हा नियम माझाच आहे आणि तो मी तिच्यासाठीही मोडला नाही.

पण माझ्या परसातल्या शेडचं छप्पर मागच्या वादळात उडालं होतं, त्याचे गंजके खिळे एका डब्यात पडून होते. ते मी घासले, मातीचा कण राहू दिला नाही, घरच्या जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळले आणि पिशवीत घालून तिच्यासमोर ठेवले.

“हे माझ्या घरचे आहेत. यांच्यावर कुठलाही नियम नाही. पुढच्या विमानाने कुणी जाणार असेल तर पाठव.”

तिने पिशवी उघडून आत पाहिलं. मग दार लावून घेतलं, खिळे टेबलावर ओतले आणि एकेक करून मोजायला लागली, अगदी माझ्यासमोर, ओठ हलवत. मोजून झालेले पिशवीत भरले. उरलेले मूठभर माझ्या हातात ठेवले.

“एवढे जास्त होतात, नेई मकरिता. जास्त झालं तर कंद कडू होतो.”

ते बोलून ती चिमटे घासायला बसली. मी हातातले खिळे घेऊन उभीच राहिले. पिशवीत किती गेले ते मी मोजलं होतं, आणि मी मोजतेय हे तिने पाहिलं होतं. तो आकडा आज तिच्या आजोबांना, तिला आणि मला, तिघांनाच माहीत आहे. तुम्ही विचाराल, पण ते घरचं आहे.