मान हलणारा पाना

युद्ध संपून वर्ष होत आलं होतं, तरी निपाणीत मोटार दुरुस्त करणारा माणूस मिळत नव्हता. मारुतीराव मिस्त्री म्हणून एकटा होता, तो मिलिटरीच्या वर्कशॉपात गेला आणि पुण्याकडंच राहिला. त्यामुळं तंबाखूचा व्यापार करणारा नेमिनाथ मगदूम आपली जुनी शेवरलेट घरच्या अंगणातच उघडायला शिकला होता. कार्ब्युरेटर साफ करणं, ब्रेक आवळणं, प्लग बदलणं त्याला जमायचं. रविवारी तो बाह्या दुमडून गाडीखाली शिरला की गल्लीतली माणसं कट्ट्यावर येऊन बसायची. "नेमिअण्णाला मिस्त्री लागत न्हाय," असं कुणी म्हटलं की त्याला मनापासून बरं वाटायचं.

पाने हातात द्यायला बायको असायची. पद्मावतीचं माहेर चिकोडीजवळचं. तिथं विहिरीवर ऑइल इंजिन होतं, आणि वडिलांना दम्याचा त्रास असल्यामुळं लग्नापर्यंत ते इंजिन तीच सुरू करायची, तीच उघडायची. सासरी आल्यावर ती त्याबद्दल फारसं कधी बोलली नव्हती. नेमिनाथ "बारका" म्हणाला की बारका, "मोठा" म्हणाला की मोठा पाना ती पुढं करी. कधी कधी तो म्हणायच्या आधीच करी, आणि तोच बरोबर निघे. ते नेमिनाथच्या लक्षात आलं होतं. पण त्यानं तसं कधी दाखवलं नव्हतं.

त्या वर्षी गाडीचा स्टार्टर बंद पडला. पुढून लोखंडी हँडल घालून जोरानं फिरवलं तरच इंजिन सुरू व्हायचं. स्टार्टर काढून आतून साफ करायला हवा होता, पण त्याचा वरचा बोल्ट एक्झॉस्टच्या नळीमागं दडलेला. साधा पाना तिथं जेमतेम बसायचा आणि बोटभर फिरला की नळीला अडायचा. काढा, परत बसवा, परत बोटभर फिरवा. दोन रविवार असे गेले. नेमिनाथच्या बोटांची सालटी निघाली, बोल्ट काही सुटला नाही.

"लांब दांड्याचा पाना पायजे," पद्मावती वाकून बघत म्हणाली. "दांडा ह्या नळीच्या वरनं भाईर यील असा. आन् त्याची मान वाकाय पायजे."

"पान्याला मान असती व्हय?" नेमिनाथ हसला. कट्ट्यावरची माणसंही हसली.

सांबऱ्याच्या विमानतळावरचं लष्करी सामान लिलावात निघालं होतं. त्यातलं बरंचसं बेळगावात कॅम्पाजवळ यल्लाप्पा नावाच्या माणसानं घेऊन ठेवलं होतं. पद्मावतीला शहापुरात लुगडी घ्यायची होतीच. दोघं एका शनिवारी हँडल मारून गाडी घेऊन निघाले आणि आधी यल्लाप्पाच्या आवारात गेले.

यल्लाप्पानं गोणपाटावर तीन रॅचेटचे पाने मांडले. रॅचेटचं वैशिष्ट्य असं, की एका बाजूला ओढला की तो बोल्ट फिरवतो आणि मागं नेला की नुसता टकटक करत मोकळा येतो. बोल्टावरून काढावा लागत नाही. टोकाला पाहिजे त्या मापाची गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर चढणारी पोकळ टोपी, बसवायची, एवढंच. पहिला आखूड होता. दुसरा हातभर लांब, सरळ, आरशासारखा चकचकीत. तिसराही तेवढाच लांब, पण गंजानं तांबूस झालेला, आणि त्याच्या डोक्याखाली बिजागरीसारखा सांधा होता. डोकं पुढंमागं वाकायचं.

"बघा, मान हाय की!" पद्मावती म्हणाली.

नेमिनाथनं चकचकीत पाना उचलला. हाताला वजनदार, छान लागत होता. "सांधा आला की तिथं ढिलं पडायचं, तिथंच मोडायचं," तो म्हणाला. "हा बघ कसा एकजीव हाय."

पद्मावतीनं मानेचा पाना घेतला. डोकं वाकवून सोडून दिलं. ते होतं तिथंच राहिलं, लोंबलं नाही. सांधा दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहिला. मग पाना कानाशी नेऊन तिनं त्याचं चाक हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवलं. नंतर नेमिनाथच्या हातातला घेऊन त्याचंही तसंच केलं.

"ह्या चकचकीतात वीस टकटक हायती, मानंच्यात छत्तीस," ती म्हणाली.

"मग?"

"दात बारीक असले की थोडा हलवला तरी फुडचा दात धरतोय. आपल्याला हलवाय जागा कुठं हाय तिथं?"

यल्लाप्पा उकिडवा बसला होता, तो उठून उभा राहिला. "बाई, कुठं शिकलासा हो हे? माझ्याकडं मिलिटरीचे फिटर येऊन गेले, एकानं बी दात मोजले न्हाईत."

तिथून पुढं तो जे काही बोलला ते पद्मावतीशीच. गोट्या दाखवल्या तिला, तेल कुठं सोडायचं ते सांगितलं तिला. नेमिनाथ शेजारी उभा होता, त्याच्या नावावर गाडी होती, दोन रविवार त्याची बोटं सोलवटली होती. पण यल्लाप्पाची नजर त्याच्याकडं वळत नव्हती. नेमिनाथला राग आला. परक्या बाप्याशी बायको बोलते याचा तो राग नव्हता. तसा असता तर त्याला तो ओळखता आला असता. त्याला सलत होते ते तिचे हात. किती सहज धरला होता तिनं तो पाना.

"चकचकीत तेवढा बांधा," तो म्हणाला.

यल्लाप्पानं पद्मावतीकडं पाहिलं. ती मानेचा पाना गोणपाटावर परत ठेवत होती.

"न्हाई जमला तर बदलून देतो, सायब."

"जमंल."

तो जमला नाही. सरळ दांडा एक्झॉस्टच्या नळीवर आपटायचा, आणि उरलेल्या जागेत एवढाही हलायचा नाही की पुढचा दात धरावा. पद्मावती गाडीपाशी उभी होती. "मी सांगत हुते" असं ती म्हणाली नाही, आणि नेमिनाथला ती तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. बदलून आणायला बेळगावला जावं असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही.

पंधरा दिवसांनी यल्लाप्पाच दारात आला. लॉरीतून माल घेऊन कोल्हापूरला चालला होता. कट्ट्यावर माणसं बसलेली, आणि त्यांच्यासमोरच तो मोठ्यानं म्हणाला, "बाई हायत का? मानंचा पाना त्येंच्यासाठी बाजूला ठेवलाता. दोघं मागून गेले, म्हटलं न्हाई, निपाणीच्या बाईनं पारखलाय तो." त्यानं पाना दिला, चकचकीत पाना परत घेतला आणि चहा पिऊन निघून गेला.

"वैनींनी पारखलाय व्हय!" कट्ट्यावरून कुणीतरी म्हटलं. आता कुणी हसलं नाही.

पद्मावतीनं गंज घासून काढला, सांध्यात तेल सोडलं. "आत्ता काढू या का स्टार्टर?" तिनं विचारलं. तिचा चेहरा उजळला होता.

"रविवारी बघू. गोदामात माल आलाय."

शनिवारी दुपारी ती जिनालयात गेली असताना नेमिनाथनं तो पाना जुन्या धोतरात गुंडाळला आणि गोदामात, तंबाखूचे बोद, म्हणजे बांधलेले मोठे गठ्ठे, रचून ठेवले होते त्यातल्या मागच्या दोन बोदांच्या फटीत सारला. चार दिवस राहू दे, मग बघू, एवढंच त्यानं मनाशी म्हटलं.

रविवारी पद्मावतीनं हत्यारांची पेटी पालथी केली. कोनाडे पाहिले, गाडीच्या सीटखाली पाहिलं. नेमिनाथची आई बाळाबाई सोप्यात तांदूळ निवडत होती. "घरातनं जिन्नस जातोय म्हंजे काय?" ती म्हणाली. "काल हितं कोण आलतं?"

तेव्हा नेमिनाथनं गप्प राहायला हवं होतं. तो म्हणाला, "मष्णू झाडत हुता की हितं."

मष्णू बारा वर्षं गोदामात कामाला होता. सोमवारी सकाळी तो आला तसं बाळाबाईनं त्याला चौकात थांबवलं आणि पिशवी दाखव म्हणाली. गोदामात जाणाऱ्या बायका थांबल्या. मष्णूनं एकदा नेमिनाथकडं पाहिलं. नेमिनाथ जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. मग मष्णूनं पिशवी धरून फरशीवर पालथी केली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, कांदा, चुन्याची डबी, आणि कागदात गुंडाळलेल्या, लेकीसाठी घेतलेल्या हिरव्या बांगड्या. दोन बांगड्या फुटल्या. त्यानं फुटलेल्या, धड सगळ्या गोळा केल्या, पिशवी खांद्याला लावली आणि निघून गेला. मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही.

गुरुवारी नेमिनाथला चिकोडीला जायचं होतं. नेहमीसारखं तो पुढून हँडल फिरवू लागला, आणि तिसऱ्या फेऱ्याला इंजिनानं उलटा झटका दिला. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणाले.

आता जेवताना पद्मावती घास कालवून द्यायची, सदऱ्याची बटणं लावायची. शुक्रवारी सकाळी बटणं लावता लावताच ती म्हणाली, "मष्णूनं घेतला न्हाय. त्यो पाना घिऊन करंल काय? त्येच्या घरात चाक म्हणून न्हाय."

तिनं पुढचं बटण लावलं.

"माझ्यामुळं गेला बिचारा. मी शोधलाच नसता तर हे झालं नसतं."

ती स्वतःला दोष देते आहे हे ऐकल्यावर मात्र त्याला राहवेना. "गोदामात हाय," तो म्हणाला. "मागच्या बोदांत. मी ठेवलाय."

तिचा हात बटणावर थांबला. "का?"

"यल्लाप्पा तुझ्याशी बोलला. कट्ट्यावरची माणसं..." त्याला वाक्य पुरं करता येईना. "गाडी माझी हाय, पद्मा. हात मात्र तुझा चालतोय. जळत हुतो मी."

"आन् मष्णू?"

तिनं उरलेली दोन बटणं लावली नाहीत.

ती गोदामात गेली, पाना घेऊन आली, पदर खोचला आणि बॅटरीची वायर सोडून गाडीत वाकली. गोटी बोल्टावर बसवली, पान्याची मान वाकवली, दांडा नळीच्या वरून बाहेर आला. तिनं सगळं अंग टाकून ओढला. कर्रर्र असा आवाज झाला, आणि मग टकटक, टकटक. नेमिनाथ उघड्या गळ्यानं जोत्यावर बसून होता. तिनं त्याला काही मागितलं नाही, काही विचारलं नाही. स्टार्टर निघाला, तिनं तो फडक्यावर उघडला. आतले कार्बनचे तुकडे तेलानं आणि काजळीनं जाम झाले होते. ते तिनं सोडवले, पॉलिश कागदानं घासले, आणि दुपारी जेवायच्या आत सगळं परत बसवलं. बटण दाबलं. इंजिन पहिल्याच खेपेला सुरू झालं.

आणि त्या क्षणीसुद्धा नेमिनाथला वाटलं, सुरू झालं नसतं तर बरं झालं असतं. आपल्या मनात हे आलं याची त्याला इतकी लाज वाटली की तो उठला आणि तसाच, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, चालत मष्णूच्या घराकडं निघाला.

मष्णू दारात दोरी वळत बसला होता. नेमिनाथनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मष्णूनं दोरी वळणं थांबवलं नाही.

"मालक, पिशवी सगळ्यांम्होरं पालथी केली मी," तो शेवटी म्हणाला. "हे बी सगळ्यांम्होरं सांगा. हितं माझ्या दारात सांगून काय उपेग?"

"काय सांगू? पाना मी ठेवला म्हणून?"

"का ठेवला, ते बी."

शनिवारी सकाळी कामाच्या बायका चौकात जमल्या तेव्हा नेमिनाथ जिन्यावरून खाली आला. बाळाबाई सोप्यात होती. मष्णू दाराशी उभा होता, उंबऱ्याच्या बाहेर. नेमिनाथनं सांगितलं. पाना आपण लपवला, मष्णूचा काही संबंध नाही. आणि मग पुढंही सांगितलं, की घरातल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त समजतं, ते आपल्याला सोसलं नाही, म्हणून लपवला. दोन बायका पदरात तोंड घालून हसल्या. बाळाबाई तांदळाचं सूप घेऊन आत निघून गेली. मष्णू उंबरा ओलांडून आत आला आणि केरसुणी शोधू लागला.

पद्मावती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवणं झाली, तेव्हा तिनं घास कालवून दिला तो मुकाट्यानं.

सोमवारी हात दाखवायला डॉक्टरांकडं जायचं होतं. ती सकाळीच तयार होऊन गाडीत डाव्या बाजूला बसली.

"डाव्या हातानं चाक धराल न्हवं?" तिनं विचारलं.

"धरीन. पण गिअर?"

"मी टाकते. तुमी क्लच दाबला की सांगा."

गल्लीतून निघताना पहिला गिअर खरडला. बाजाराच्या वळणावर तिनं दुसरा टाकला, तो नुसता सरकला, आवाजही झाला नाही. नेमिनाथला स्वतःला शिकताना महिना लागला होता. यल्लाप्पाच्या आवारातलं ते सलणं परत आलं. या खेपेला त्यानं ते गिळलं नाही.

"लई लवकर जमलं तुला," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण शब्द खरे होते.

"व्हय," पद्मावती म्हणाली. "फुडं बघा, म्हस हाय."