चौथ्या रांगेतली मयूरा

मी एक जुनी शाळेची बस आहे, मित्रांनो, आणि आता माझ्याजवळ माझी चाकंसुद्धा नाहीत. एका शेतात मी विटांवर उभी आहे. पण बावीस वर्षं मी मुलं वाहिली. त्यातल्या एका मुलीची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म ब्रिस्बेनच्या एका कारखान्यात झाला. पांढरा रंग, चाळीस सीटा, ड्रायव्हरच्या डोक्यावर भला मोठा आरसा. तिथून मला सिडनीपासून सहा तासांवरच्या एका गव्हाच्या गावात आणलं. सकाळी शेतावरची मुलं गोळा करायची, मग नदीकाठच्या वस्तीतली, आणि शाळेत सोडायची. रॉस नावाचा माणूस मला चालवायचा. दर शनिवारी तो मला पाइपाने धुवायचा. लाल धुळीचा लोट खाली वाहून गेला की माझ्या दारावर थाप मारून म्हणायचा, "गुड गर्ल." मला फार बरं वाटायचं.

पण माझ्या पोटात एक नियम होता. तो कुणी लिहिला नव्हता. नदीकाठच्या वस्तीत या देशाचे मूळ रहिवासी राहायचे. त्यांच्या मुलांनी फक्त पहिल्या दोन रांगांत बसायचं. मागे बसायचं ते शेतमालकांच्या मुलांनी. एका सीटवर तिघं-चौघं कोंबून बसायची ती वस्तीतली मुलं, आणि मधल्या सीटा रिकाम्या धावायच्या. रॉसला ते आरशात रोज दिसायचं. "पोरं आपापलं ठरवतात," एवढंच तो म्हणायचा. मीही चालत राहिले.

मग मयूरा आली. नऊ वर्षांची, बारीक, खांद्यांपेक्षा दप्तर मोठं. तिची आई इरावती गावातल्या वृद्धाश्रमात नर्स होती. सिडनीतलं हॅरिस पार्कचं घर सोडून ते कुटुंब इथे आलं होतं, कारण तीन वर्षं अशा लांबच्या भागात राहिलं तरच त्यांना देशात कायमचं राहता येणार होतं.

पहिल्याच दिवशी मयूरा चढली, रिकामी सीट बघितली आणि चौथ्या रांगेत खिडकीशी बसली.

"ए, तिथे नाही," मागून शेल्बी ओरडली. ती बारा वर्षांची, सगळ्यांत मोठी. "तुमच्यासारखे पुढे बसतात."

"आमच्यासारखे म्हणजे?" मयूराने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. सगळे हसले. कुणीतरी नाक दाबून म्हणालं, "करीचा वास!" तेव्हा तिला कळलं. पण ती उठली नाही.

त्यानंतर रोज काहीतरी व्हायचं. केळ्याची सालं डोक्यावर पडायची. एकदा तिचा डबा खिडकीतून बाहेर गेला. एके दिवशी तिच्या समोरच्या सीटच्या पाठीवर कंपासच्या टोकाने कोरलेलं दिसलं, 'गो होम'. ते टोक माझ्या रेक्झिनमध्ये रुतलं होतं, मित्रांनो. पण ते वाचायला रोज तिला लागायचं.

एका सकाळी इरावती तिच्यासोबत स्टॉपवर आली. माझं दार उघडलं तरी दोघी खालीच उभ्या होत्या.

"मयू, ऐक ना. उद्यापासून पुढे बस. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

"पण मी काही राँग केलं नाहीये, आई."

"माहितेय गं मला. पण इथे कुणाशी वाकडं नको आपल्याला."

"दॅट्स नॉट फेअर," मयूरा म्हणाली आणि वर चढली. चौथ्या रांगेत बसली. इरावतीने हात हलवला, पण तिचा चेहरा मला बघवला नाही.

फेब्रुवारीतली, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातली ती दुपार. बाहेर एक्केचाळीस डिग्री. मागून चॉकलेट दुधाचा उघडा डबा उडत आला आणि मयूराच्या मानेवर सांडला. हशा, आरडाओरडा. रॉसने करकचून ब्रेक मारला. दोन्ही बाजूंना नुसती कापलेली शेतं, सावली कुठेच नाही. त्याने इंजिन बंद केलं. माझा एसी थांबला.

मला वाटलं, आता हा मागच्यांना बोलणार. पण तो आरशात बघून म्हणाला, "मयूरा, पुढे ये. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. तू येईपर्यंत बस हलणार नाही."

"माझ्या पासवर सीट नंबर नाहीये," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

मग सगळी मुलं तिच्यावरच ओरडू लागली. "मूव्ह! मूव्ह! मूव्ह!" पाय माझ्या फरशीवर आपटत होते. पत्रा तापत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मयूराने समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली होती. आणि मग माझ्या सीटला ओल जाणवली. दुधाची नव्हती ती. भीतीने तिला शू आवरली नव्हती. आता ती उठली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. मी एवढी मोठी बस, पण मला तिच्यासाठी काहीही करता येत नव्हतं.

तेव्हा पहिल्या रांगेतून मार्ली उठली. वस्तीतली दहा वर्षांची मुलगी, सहसा न बोलणारी. ती चालत आली आणि मयूराच्या शेजारी बसली. बसल्याबरोबर तिच्या लक्षात आलं. तिने आपली पाण्याची बाटली उघडली आणि दोघींच्या मांडीवर सगळी उपडी केली.

"ओह, सॉरी!" ती मोठ्याने म्हणाली. "सांडली."

आता दोघीही सारख्याच भिजल्या होत्या. कुणाला काहीच कळलं नाही.

"मार्ली, तुझी जागा पुढे आहे," शेल्बी ओरडली.

"इथून बाहेरचं बरं दिसतं," मार्ली म्हणाली. तिचा धाकटा भाऊ उठून पाचव्या रांगेत जाऊन बसला. मग आणखी एक जण उठला. रॉसने आरशात ते बघितलं. शेवटी त्याने चावी फिरवली.

मित्रांनो, सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. त्या आठवड्यात काही पालकांनी, या मुलीला बसमधून काढा, असं पत्र लिहिलं. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी ते फेटाळलं आणि दोन आठवडे स्वतः माझ्यातून प्रवास केला. मग सहा मुलांना त्यांच्या घरचे आपापल्या गाडीतून नेऊ लागले. शेल्बी मयूराशी कधीच बोलली नाही. रॉसने माफी मागितली नाही. एका शनिवारी मात्र तो कोरलेली अक्षरं फडक्याने घासत बसला. ती गेली नाहीत, तेव्हा त्याने ती सीटच उचकटून बदलली. आणि पहिल्या दोन रांगांचा तो नियम परत आला नाही. मयूरा आणि मार्ली मात्र शाळा संपेपर्यंत शेजारी बसल्या. कधी भांडल्या, कधी एकाच डब्यातली पोळी खाल्ली.

माझे टायर झिजले, पत्रा गंजला. माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस संपले. पण तुमच्या बसमध्ये, वर्गात कुणी एकटं बसलेलं असेल आणि सगळे त्याच्यावर ओरडत असतील, तर भाषण करू नका. उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. तुमचे कपडे भिजले तरी चालेल.