इरल्याखालची बोली

मी एक जुनं इरलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी मला पाहिलंही नसेल. त्याचा मला राग नाही, थोडं वाईट वाटतं एवढंच. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाबून बसवलेली पळसाची पानं, असा माझा देह. डोक्यावर टेकवून पाठीवर सोडलं, की भातलावणीला वाकलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे. छत्रीला हे जन्मात जमणार नाही.

मला धाऊ नावाच्या कारागिराने विणलं आणि दहिवलीच्या विमलबाईंनी वापरलं. त्यांच्या पाठीवर मी कितीतरी पावसाळे काढले. वरून सरी, खाली पाण्यात हलणारं आभाळ, आणि मध्ये आम्ही दोघं. बाया एकमेकींशी बोलत राहत आणि मला सुखाची गुंगी येई. "कसं भक्कम हाय गं तुजं इरलं," असं कुणी म्हटलं की मी उगाच फुगायचो. पुढे प्लॅस्टिकची खोळ आली, मग शेतात इमारती आल्या. मी माळ्यावर गेलो आणि स्वप्नात लावणी करत राहिलो.

मला खाली काढलं ते विमलबाईंच्या मुलीने, समिधाने. तिला अभिनयाच्या सर्वांत वरच्या परीक्षेचं प्रात्यक्षिक द्यायचं होतं. गेल्या वर्षी ती त्यात नापास झाली होती. 'बाई दिसली नाही, बाईची नक्कल दिसली,' असा शेरा मिळाला होता. यंदा पास झाले तर मुलांचा नाट्यवर्ग काढायचा, नाहीतर हा नाद सोडायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. तिने भातलावणी करणारी बाई निवडली आणि मला पाठीवर घेतलं. ती फरशीवर वाकली, तरी मला चिखलाचा वास आला.

मग तिने तोंड उघडलं आणि माझी गुंगी खाडकन उतरली. "न्हाई वो, लई दमले म्या." मी चक्रावलो. ही कुठल्या गावची बाई? मालिकांमधलं गाव असंच बोलतं, आणि तिला अभिनय शिकवणारे राजेश सरही म्हणाले होते, "गावरान वाटायला हवं." बिचारी रोज घोकत होती. तिची स्वतःची बोली घरात होती, पण शाळेत त्यावरून हसं झाल्यापासून ती उंबऱ्याबाहेर काढत नसे.

एका संध्याकाळी ती अशीच वाकून हवेत रोपं लावत होती. विमलबाईंनी अंगणातून हाक मारली, "समिधा, भात उतरव गं."

"आत्ता नाय गं, हात चिखलात हायत माजे."

फरशी कोरडी होती, मित्रांनो. विमलबाई दारात येऊन हसू लागल्या. समिधा हसली नाही. ती तशीच वाकून तेच वाक्य पुन्हा म्हणाली, सावकाश, स्वतःचंच बोलणं ऐकत. भात मात्र खाली लागला.

तिचं नवं बोलणं ऐकून सर घाबरले. "परीक्षा तोंडावर आलीय, आता भाषा बदलू नकोस." तिने मला पुन्हा पाठीवर घेतलं. मला फार भीती वाटत होती.

खोपोलीच्या सभागृहात आम्ही टेंपोतून गेलो. दिवे लागले, ती वाकली, आणि तिच्या पायाखालची फळी मऊ झाल्यासारखी वाटली. ती घरातल्यासारखी बोलत गेली. मी सभागृहात आहे की वाफ्यात, मला कळेना. संपल्यावर परीक्षक बाईंनी विचारलं, "ही बोली कुणाकडून शिकलात?"

समिधा सरळ उभी राहिली. तिचे हात अजून माझ्या कडांवर होते.

"शिकली नाय, मॅडम. लपवली होती."

ती पास झाली. आता दहिवलीतच तिचा वर्ग भरतो आणि मुलं माझ्याखाली शिरायला भांडतात. मित्रांनो, मला वर्षातून एकदा ऊन दाखवा, वाळवी लागू देऊ नका, एवढं पुरे. मी वस्तू आहे, मी वाट पाहू शकतो. बोलीला ते जमत नाही, तिला रोज कुणाचं तरी तोंड लागतं. तेव्हा घरात जसं बोलता तसं बाहेरही बोला. कुणी हसलं तर हसू द्या.