मैनेचं पिल्लू

भुऱ्याला कांताबाईंकडे आणून सोडलं ते त्यांच्या भाचीनं, प्रेरणानं. ती वर्ध्याजवळच्या एका प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करते. रोहण्याच्या रस्त्यावर गाडीची धडक बसून पाय मोडलेलं नऊ-दहा महिन्यांचं हे कुत्रं तिथं आलं होतं आणि निवाऱ्यात जागा नव्हती.

"मावशी, पाय जुळेपर्यंत ठेवजो फक्त. मंग मी घेऊन जाईन."

कांताबाईंना कुत्रं नको होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा धम्मदीप आपली कुत्री मैना हिला घेऊन घरातून निघून गेला, तेव्हापासून सिंदी मेघेच्या त्या घरात ताट ठेवलं तरी मोठा आवाज व्हायचा. धम्मदीप स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, त्या दिवशी त्याचे वडील बापूराव बोलून गेले होते, "त्या कुत्रीले घे अन् निंघ. तोंड दाखवू नको मले."

धम्मदीप खरंच निघाला. आर्वीला मित्राकडे राहिला. आईला रोज फोन करायचा. अकराव्या दिवसानंतर फोन लागला नाही. मित्र म्हणाला, तो तर सकाळीच गेला, कुठं ते बोलला नाही. पोलिसांत तक्रार झाली, फोटो वाटले. दोघा नवरा-बायकोंनी एकच धरून ठेवलं, की पोरगा कुठंतरी आहे, फक्त रागावला आहे. गेलेल्याच्या नावानं करतात ते पुण्यानुमोदन करून घ्या, असं नातेवाईक सुचवू लागले, की कांताबाई उठून आत जायच्या.

पहिल्याच दुपारी भुऱ्या लंगडत घरात शिरला. स्वयंपाकघर ओलांडलं, बैठक ओलांडली आणि धम्मदीपच्या बंद खोलीपुढं, दाराच्या फटीला नाक लावून, झोपला. कांताबाईंनी त्याचं पोतं अंगणात टाकलं. तासाभरानं पाहतात, तर हा पुन्हा तिथंच.

"काऊन तिथंच झोपते हे?" बापूराव म्हणाले. "हाकल त्याले."

कांताबाईंनी हाकललं नाही. त्या दाराजवळून जाताना मात्र त्या पदर आवळून जाऊ लागल्या.

प्लास्टर काढायला प्रेरणा आली, तेव्हा तिच्याकडे एक डबी होती. बंगळुरूच्या एका कंपनीनं निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या डीएनए तपासणीसाठी तशा डब्या पाठवल्या होत्या. भुऱ्याच्या गालात आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत बंद करायची, की झालं. त्याचे कान उभे होते आणि डोळे पिवळट. कोणत्या जातीचं रक्त आहे, हे बघायची तिला हौस होती.

पाच आठवड्यांनी ती भर दुपारी आली. हेल्मेटही काढलं नव्हतं.

"मावशी, दादानं मैनेची टेस्ट केल्ती का?"

केली होती. 'माह्या कुत्रीत काय काय हाय, ते दाखवतोच बाबाले,' असं म्हणून त्यानं मैनेच्याही तोंडात अशीच काडी फिरवली होती.

"तिची नोंद अजून हाय त्या कंपनीकडं." प्रेरणानं फोन पुढं केला. "आई, मैना. मालक, धम्मदीप, सिंदी मेघे. मावशी, भुऱ्या मैनेचं पिल्लू हाय."

बापूराव खुर्चीतून म्हणाले, "चुकलं असन काही."

"नाई मावसाजी. आई अन् पिल्लू, यात चूक होत नाई."

भुऱ्या आता वर्षाचा झाला असेल. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत मैना जिवंत होती. कांताबाई म्हणाल्या, "मंग तो बी असन."

त्यांनी त्या संध्याकाळी खोली उघडली. गादीवरची चादर काढली, धुतली, वाळत घातली. भुऱ्या खोलीत गेला, चारी कोपरे हुंगले आणि बाहेर येऊन अंगणात झोपला. त्या दारापुढं तो पुन्हा कधी झोपला नाही. त्यानं धम्मदीपला कधी पाहिलं नव्हतं. मग तो तिथं कशासाठी झोपत होता, हे कांताबाईंना कोणी सांगू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी निवाऱ्याची गाडी घेऊन तिघं, भुऱ्या जिथं सापडला त्या रोहण्याला गेले. चहाच्या टपरीवर धम्मदीपसोबतचा मैनेचा फोटो दाखवताच माणूस म्हणाला, "हे तं रपट्यावरची."

गावाबाहेर नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल होता, पूर आला की पाण्याखाली जाणारा. त्याच्या कडेला मैना पडली होती. रोडावलेली, तोंडावरचे केस पांढरे झालेले.

"मैना," कांताबाईंनी हाक मारली.

ती उठली. आधी कांताबाईंचं लुगडं हुंगलं, मग बापूरावांचा हात. शेपटी हलली. मग त्या दोघांच्या मधून ती गाडीकडं गेली आणि उघड्या दारातून आत पाहत उभी राहिली. बराच वेळ पाहिलं. मग परत येऊन आपल्या जागी पडली.

नाल्याकाठच्या घरातून म्हाताऱ्या शकुंतलाबाई बाहेर आल्या. फोटोतला पोरगा त्यांनी लगेच ओळखला.

"तीन वर्सं झाले. पाणी रपट्यावरून वाहून राह्यलं होतं. तो माह्या पडवीत उभा होता, हे कुत्री संगं. म्या म्हनलं, बाबू, पाणी उतरू दे. तो म्हने, घरी जाचं हाय, बाबाले भेटाचं हाय. मी चहा ठेवाले आत गेलती. भाईर येऊन पाह्यते, तं दोघंबी नाई." त्यांनी मैनेकडं बोट दाखवलं. "कुत्री संध्याकाळी आली. ओली. एकटीच. गावानं दोन दिवस शोधलं. कोनाचा कोन, कोनाले ठाव? तवापासून इथंच बसते. दोनदा व्याली, पिल्लं मोठी होऊन गेली. हे नाई गेली."

"बाबाले भेटाचं म्हने?" बापूरावांनी विचारलं.

"हो जी."

"अजून काय म्हने?"

"येवढंच."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग पुन्हा. शकुंतलाबाईंनी तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

प्रेरणानं पोलिसांत सगळं कळवलं. तो नाला मिळतो त्या नदीपलीकडच्या जिल्ह्यात त्याच पावसाळ्यात एक बेवारस प्रेत सापडलं होतं. पुरलं होतं आणि हाडाचा नमुना राखून ठेवला होता. बापूराव आणि कांताबाईंनी डीएनए जुळवायला रक्त दिलं. दोन महिन्यांनी अहवाल आला. बापूरावांनी तो वाचला आणि बायकोच्या हाती दिला. कांताबाईंनी तो वाचला नाही, घडी करून ठेवून दिला. आई-वडील आणि लेकरू यांत चूक होत नाही, हे त्यांना आता माहीत होतं.

पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि जेवून गेली. भुऱ्या घरीच राहिला.

मैनेला आणायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला. ती पुलगावपर्यंत गाडीत विव्हळत होती. शेवटी बापूरावच म्हणाले, "फिरव गाडी."

आता बापूराव दर रविवारी एसटीनं रोहण्याला जातात. एकदा कांताबाईही गेल्या. उन्हाळा लागला होता, नाल्यात घोट्याइतकं पाणी होतं. बापूराव रपट्याच्या कडेला बसले होते, शेजारी मैना. दोघंही काही करत नव्हते. पाण्यात कुठंतरी काही खळबळलं, एखादा मासा किंवा बेडूक असावा. मैना कान टवकारून ताडकन उठली.

बापूरावही उठले.