पुढच्या तारखेचं ग्रहण

मुलाने डॉक्टरांना घरी आणलं ते ठरवूनच. आईचं डोकं ठिकाणावर नाही, असं एकदा त्यांच्या तोंडून निघालं की तिच्या घराला कुलूप घालायचं आणि तिला आपल्याकडे न्यायचं. कारणही तसंच घडलं होतं. परवा फोनवर ती म्हणाली होती, "आत्ता नको बोलूस, मी शनीपाशी आहे." लेकाची झोपच उडाली.

आई टेलिफोन एक्सचेंजमधली जुनी ऑपरेटर. जन्मभर लोकांना लांबलांबच्या गावांशी जोडून दिलं, स्वतः मात्र खुर्ची सोडून कुठे गेली नाही. आता भाचीने तिच्या कॉम्प्युटरवर आकाश बघायचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. माउस फिरवला की ग्रह जवळ, बटण दाबलं की काळ पुढे. सकाळी चहा घेऊन बसली की बाईसाहेब उठायचं नाव घेत नसत.

डॉक्टर आले तेव्हाही ती तिथेच होती.

"आजी, आज तारीख काय?"

तिने सवयीने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं आणि तिथली तारीख वाचून दाखवली. तीस-पस्तीस वर्षं पुढची!

"बघितलंत?" मुलगा म्हणाला.

चूक लक्षात आली तशी तिची कानशिलं तापली. आजची तारीख तिने वारासकट सुनावली. "मी जरा पुढे गेले होते, एवढंच."

"इतक्या पुढे कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्या दिवशी आपल्या गच्चीवरून खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. तेव्हा मी असणार आहे का? मग काय, न बघताच जाऊ?"

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "दाखवा बघू."

तिने दाखवलं. सूर्य कडेने कुरतडला गेला, भर दुपारी आभाळ काळवंडलं, तारे उगवले. डॉक्टर बघतच राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "यांना काहीही झालेलं नाही."

"पण आई, तू एकटी राहतेस. काळजी वाटते गं."

"कर की काळजी, हवी तेवढी कर. पण तुझ्या घरी बसून कर. मरेन तेव्हा मरेन. तोवर कुठे जायचं ते मी ठरवणार."

तिने खुर्ची पडद्याकडे वळवली.

"आणि जाताना दिवा घालवा. ग्रहण सुटायचंय अजून."