पहिल्या प्रकरणातलं दार

तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहून होते असं ज्याला वाटतं, त्याने आयुष्यात एक धड पत्रही लिहिलेलं नसतं. हे माझं मत मी सत्यजीतला पहिल्याच रविवारी ऐकवलं. तो हसला. खारघरच्या कुठल्याशा कंपनीत माणसांना उत्साह देण्याचाच त्याला पगार मिळतो. पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या एका वाचनालयाची वरची खोली त्याने नोव्हेंबरच्या रविवारांसाठी मिळवली होती आणि महिन्याभरात कादंबरी लिहायला निघालेल्या आम्हा अकरा जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता. रोज संध्याकाळी लिहिलेल्या शब्दांचा आकडा टाकायचा, की हा रॉकेट पाठवणार. कोणी दोन हजार लिहिले तरी रॉकेट, कोणी ताप आला म्हणून कळवलं तरी रॉकेट.

मुलगी मिताली मागे लागली म्हणून गेले, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान, कुमार, सकाळी दूध आणायला म्हणून स्कूटर घेऊन गेले आणि अपघातात गेले. त्याच वर्षी मी कादंबरीला बसले, आणि पहिल्या प्रकरणाच्या अर्ध्या पानापुढे काही सरकले नाही. यंदा झाली नाही तर ती कधीच होणार नाही, हे मला पक्कं कळून चुकलं होतं. त्याची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी लोकांना नावं ठेवते.

नावं ठेवायला तिथे काही कमी नव्हतं. दीपेश नावाचा एका बिल्डरचा मुलगा आकडा फुगवण्यासाठी प्रत्येक पात्राचं नाव दरवेळी वडिलांच्या नावासकट आडनावापर्यंत लिहायचा. स्नेहलने नायिकेला एकाच प्रकरणात सतरा वेळा चहा पाजला होता. मी पस्तीस वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली आहेत. असला मजकूर समोर आला की माझ्या लाल पेनाचं टोपण आपोआप निघतं. माझा स्वतःचा आकडा तिसऱ्या आठवड्यात दोनशे नव्वद होता, पण त्यात एक काना चुकलेला नव्हता.

तिसऱ्या रविवारी सत्यजीतने नवीन टूम काढली. जोड्या लावायच्या, एकमेकांचं लिखाण घरी नेऊन वाचायचं आणि पुढच्या रविवारी परत द्यायचं. माझ्या वाट्याला कोन गावच्या सत्यवतीबाई आल्या. वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथी. गावातल्या लग्नांत त्या धवलारीण म्हणून जातात, म्हणजे विधी चालू असताना मांडवात बसून तासन्तास गाणी म्हणतात. सुनेने त्यांना फोनवर बोलून लिहायचं कसं ते दाखवलं, आणि बाई बोलत सुटल्या. आकडा एकतीस हजार. बोलणं म्हणजेच लिहिणं असेल, तर आमच्या सोसायटीच्या जिन्यात रोज एक कादंबरी तयार होते.

त्यांचे छापून आणलेले कागद मी घरी नेले. मिठागरावर राबणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. वाक्यं पुन्हा पुन्हा यायची. 'मंग ती बांधावर आली' हे तर एका पानावर सलग सहा वेळा. मी एक ठेवलं आणि पाच कापली. चार दिवस मी कापतच होते. खरं सांगते, अकरा वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

चौथ्या रविवारी लालेलाल झालेले कागद मी त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, की पुनरुक्ती काढली तर यात बारा हजार शब्दही उरत नाहीत. दीपेश हसला. बाईंनी चष्मा लावून शांतपणे पानं उलटली. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"कापलं ते बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पुस्तकात नको. पन म्हनताना लागतं. लग्नान गान्याची ओल ईसरली तर धवलारनीनं गप नाय बसायचं, नवरी पाटावर ताटकलते. मागचीच ओल परत म्हनायची, परत म्हनायची. पुढची येते."

मग त्यांनी पिशवीतून माझं अर्धं पान काढलं. माझी कादंबरी वसुंधराबाई आणि त्यांचे यजमान कमलाकर यांची. पहिलं वाक्य, 'सकाळी वसुंधराबाईंनी दार उघडलं.' त्यापुढे कडीचं वर्णन, उंबऱ्याचं, कोवळ्या उन्हाचं. ते अर्धं पान मी एकोणीस वेळा नव्याने लिहिलं आहे. आता कौतुक ऐकायचं म्हणून मी सावरून बसले.

"चांगलं हाय. सुनेनं दोनदा वाचून दाखवलं," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पन ताई, दारात कोन हाय?"

ते पुढे येतं, असं मी सांगितलं. पुढं म्हणजे कवा, असं त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने. या वेळी कोणी हसलं नाही. मी पर्स उचलून निघाले.

रिक्षात मी मनातल्या मनात बाईंची चांगली खरडपट्टी काढली. चौथी शिकलेली बाई आता मला शिकवणार! घरी आले ती न जेवताच लॅपटॉप उघडून बसले, तेही केवळ त्यांची युक्ती किती खुळी आहे हे स्वतःला दाखवायला. 'सकाळी वसुंधराबाईंनी दार उघडलं.' पुन्हा तेच लिहिलं. कडी नाही, उंबरा नाही, ऊन नाही. पुन्हा तेच. शुद्ध मूर्खपणा होता. पाचव्यांदा, सहाव्यांदा तेच. सातव्यांदा लिहिलं आणि पुढची ओळ आली.

'दारात हवालदार उभा होता आणि त्याच्या हातात कुमारांची एकच चप्पल होती.'

मी बराच वेळ रडले. मग सवयीने वाक्य तपासलं. वसुंधराबाईंच्या यजमानांचं नाव कमलाकर आहे, कुमार नाही. चूक ढळढळीत दिसत होती. मी ती तशीच ठेवली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.