नीलाबाईच्या टाचेतली कात्री

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, पेनिसिलिनहूनही जुनी. लोखंडाची नाही. एक जंतू मला आपल्या पोटात घडवतो. पुस्तकात मला विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणतात. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांत एक चौकोनी कडी असते. ती तोडणे, एवढेच माझे काम. कडी तुटली की औषध म्हणजे नुसती भुकटी.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हाच्या दुष्काळात निलंग्याजवळ तलावाच्या कामावर नीलाबाई खडी फोडत होती. कपची टाचेत घुसली. त्या वाटेने जंतू आत शिरले. कात्री असलेले थोडे, नसलेले पुष्कळ.

दवाखान्यातून त्याच जातीच्या औषधाच्या दहा लाल-काळ्या कॅप्सूलच्या गोळ्या मिळाल्या. सगळ्या गिळ, असे सांगितले होते. दोन गिळल्या, तोवर मुकादम गुंडप्पा हसला.

"पोटात कशाला घालती गं? दुखतंय तर टाचंत! फोडून भर की जखमंत."

सहा फोडून भरल्या. दोन पदराच्या गाठीत राहिल्या.

बिनकात्रीचे जंतू मेले. आम्हाला जागा झाली.

एकाचे दोन.

दोनाचे चार.

वरून खपली धरली. कामावर गुंडप्पाचे कौतुक झाले. खाली टाच ओलीच होती. ती पुसलेल्या हातांनीच नीलाबाईने आपल्या तीन वर्षांच्या लेकीचे, इंदूचे, गळू पिळले.

चाराचे आठ.

इंदूला ताप चढला. निलंग्यात त्याच जातीची इंजेक्शने दिली. कड्या आल्या, मी तोडल्या. कड्या आल्या, मी तोडल्या. कड्या

मग एसटीने लातूर. डॉक्टर विनीता यांनी इंदूच्या पुवातले जंतू काचेच्या बशीत वाढवले, त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती मोकळे रिंगण पडते. पेनिसिलिनभोवती रिंगण नव्हते. दुसऱ्या एका टिकलीभोवती होते.

"सिस्टर, इंजेक्शन बदला!" त्या धावत वॉर्डात आल्या.

बशीतले जंतू वाढायला दोन दिवस लागले होते. इंदू सकाळीच गेली होती.

शेजारच्या खाटेवर भामाबाईचे लेकरू तापाने फणफणत होते. नीलाबाई उठली. पदराची गाठ सोडली.

"घ्या अक्का. दोनच हायती. माझी टाच ह्यानंच वाळली."

"लई उपकार झाले, बाई."

मित्रांनो, मला डोळे नाहीत. दया नाही. मला कुणी समजावू शकत नाही. नीलाबाईचा गोळ्या देणारा हात मात्र धरता येतो.

धरा.